गाडी थरथरते, पण नेमकं काय?

हैदराबादच्या रोजच्या रहदारीत गाडीला पन्नासचा वेग क्वचितच मिळतो. मेहदीपट्टणम, लकडी का पूल, कोठी एवढाच फेरा असलेल्या गाडीतली एखादी खोड महिनोन्‌महिने कळतच नाही. मग एखाद्या रविवारी तीच गाडी आउटर रिंग रोडवर चढते, काटा 80च्या पुढे सरकतो आणि सीटखालून थरथर सुरू होते. 158 किलोमीटरचा हा वळसा, मध्ये एकही सिग्नल नाही, आणि 2023 पासून वेगाच्या लेनमध्ये 120 पर्यंत परवानगी. चाकापासून गिअरबॉक्सपर्यंत जे जे फिरतं, त्या सगळ्याची परीक्षा इथे होते. सोलापूर-उमरग्याकडून 65 नंबरच्या महामार्गाने जहिराबादमार्गे येणाऱ्यांनाही मोकळा रस्ता लागला की हेच जाणवतं.

पुढचा क्रम बहुतेकांना पाठ असतो. आधी व्हील बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट, मग दोन नवे टायर, मग ‘क्रॉस बदलून बघू’. प्रत्येक वेळी पैसे जातात आणि थरथर तशीच राहते. अलाइनमेंटचं तर सरळ सांगतो: ती बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर तिरके झिजतात, पण थरथरीचं ते थेट कारण नव्हे. तिरका झिजून खडबडीत झालेला टायर थरथरू शकतो, आणि तो तसा झाला असेल तर नुसत्या अलाइनमेंटने सुधारत नाही. सुटे भाग बदलत बदलत दोष गाठायची पद्धत मला मान्य नाही, कारण गाडी स्वतःच बरंचसं सांगत असते. तिला विचारायचा पहिला प्रश्न असा: ही थरथर सेकंदाला किती वेळा होते?

कारण गाडीतला प्रत्येक फिरता भाग आपल्या वेगाने फिरतो आणि हे वेग एकमेकांपासून चांगलेच लांब आहेत. आकडे मांडून बघू. जुन्या रचनेच्या, मागच्या चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांमध्ये बोलेरो सगळ्यांच्या ओळखीची, म्हणून तिचंच उदाहरण घेतो. तिचा टायर 215/75 आर 15. टायरवर आणि जमिनीवर खडूने एकेक खूण करा, गाडी सरळ ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्या आणि दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. ते साधारण 2.15 मीटर भरेल. कागदावरच्या मापाने गणित केलं तर 2.21 मीटर येतं. पण वजनाखाली टायर दबतो, म्हणून मोजलेलं अंतर थोडं कमी भरतं आणि तेच खरं धरायचं. 80 किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला 22.2 मीटर जाते. म्हणजे चाकाचे सेकंदाला 10.3 फेरे.

आता प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जोर नेणारा फिरता दांडा. तो चाकापेक्षा किती पट जोरात फिरतो हे मागच्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगमधल्या क्राउन-पिनियनच्या प्रमाणावर ठरतं. ते माहीत नसेल तर मोजता येतं. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा, मागचं एक चाक उचलून अ‍ॅक्सल भक्कम स्टँडवर टेकवा. दुसरं चाक जमिनीवरच राहू द्या. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टवरच्या खडूच्या खुणेवरून त्याचे फेरे मोजा. एक चाक अडकलेलं असताना दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक फेरा, त्यामुळे शाफ्टचे जितके फेरे तितकं प्रमाण. समजा ते 4.1 आलं. मग 80च्या वेगाला शाफ्ट सेकंदाला 42 फेरे घेतो. इंजिनाचा काटा तेव्हा 2000वर असेल तर इंजिनाचे सेकंदाला 33 फेरे, आणि आजच्या बोलेरोचं इंजिन तीन सिलिंडरचं असल्याने दर फेऱ्याला दीड या हिशेबाने ज्वलनाचे 50 ठोके.

म्हणजे एकाच वेगाला 10, 33, 42 आणि 50 असे चार वेगळे आकडे आपल्या हाती आले. त्यात पाचवा म्हणजे 84, शाफ्टच्या दुप्पट. तो कुठून येतो ते पुढे सांगतो. थरथर यातल्या कोणत्या आकड्याच्या जवळची आहे हे कळलं की निम्म्याहून अधिक गाडी संशयातून सुटते.

हे ओळखायला यंत्रच हवं असं नाही. दहाच्या आसपासची थरथर डोळ्यांना दिसते: स्टिअरिंग हातात हलतं, शेजारच्या सीटची पाठ डुलते, बाटलीतलं पाणी हिंदकळतं. चाळीसच्या आसपासची डोळ्यांना दिसत नाही. ती मांडीखाली आणि पावलांना मुंग्यांसारखी लागते, आरशातली मागची गाडी धूसर होते. ऐंशीच्या पुढची थरथर कमी आणि घुमणारा आवाज जास्त, कानावर दाब आल्यासारखा. खात्री करायची तर मोबाइल आहेच. कंपन मोजणारी अ‍ॅप्स फुकट मिळतात. फोन सीटच्या लोखंडी पट्टीला घट्ट बांधायचा, हातात धरायचा नाही, आणि आलेख शेजारी बसलेल्याने वाचायचा. फोन सेकंदाला 100 ते 200 वेळा कंपन टिपत असेल तर त्याच्या निम्म्यापर्यंतचेच आकडे भरवशाचे; त्यापुढच्या गुंजनासाठी मायक्रोफोनवर चालणारं ध्वनीचं अ‍ॅप वापरावं.

आता रस्त्यावरच्या चाचण्या. त्या शांतपणे, एका वेळी एकच गोष्ट बदलून करायच्या. मोकळी वेळ निवडा, सोबत कुणीतरी असू द्या, आणि टायरची हवा आधी तपासा. थरथर ज्या वेगाला सगळ्यात जास्त येते तो वेग नोंदवा, त्या वेळचा इंजिनाचा काटाही नोंदवा.

पहिली चाचणी उभ्या गाडीत. न्यूट्रलमध्ये इंजिन त्याच काट्यावर न्या. थरथर इथेच आली तर चाकं आणि शाफ्ट दोन्ही सुटले. इंजिन, त्याची माउंटिंग्ज किंवा क्लचकडे बघायचं. दुसरी चाचणी: वेग तोच ठेवून एक गिअर खाली या. इंजिनाचे फेरे वाढतात, चाकाचे आणि शाफ्टचे तेवढेच राहतात. थरथर जशीच्या तशी राहिली तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे. तिसरी: त्याच वेगाला न्यूट्रल करून गाडी थोडी वाहू द्या. इग्निशन मात्र बंद करू नका. बंद केली तर पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकची मदत जाते आणि स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं. थरथर कायम राहिली तर चाकाचा किंवा शाफ्टचा तोल बिघडलाय. नाहीशी झाली तर ती जोराशी बांधलेली आहे, म्हणजे शाफ्टच्या सांध्याचा कोन, त्यातला ढिला क्रॉस, माउंटिंग अशा गोष्टी. ब्रेक दाबल्यावरच येणारी थरथर वेगळ्या खात्यातली: ब्रेक डिस्कची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नाही, एवढाच तिचा अर्थ.

रस्त्याचा हिशेबही वजा करायला हवा. मेहदीपट्टणमहून आरामघरकडे जाणाऱ्या 11.6 किलोमीटरच्या पी. व्ही. नरसिंह राव उड्डाणमार्गावर पुलाच्या सांध्यांचे ठोके लागतात, आणि वेग वाढला की तेही भराभर येतात. पण चाक सेकंदाला दहा फेरे घेत असताना ते ठोके तितक्या जवळ कधीच येत नाहीत. सिमेंटच्या रस्त्यावर टायरचा आवाजही फसवतो. म्हणून चाचणी एकदा डांबरावर, एकदा काँक्रीटवर घ्यावी.

चाकाची थरथर सगळ्यात जास्त आढळते, त्यामुळे तिच्यापासून सुरुवात करावी. पावसाळ्यात उमरगा-निलंगा भागातल्या शेतावरून परतणाऱ्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला काळ्या मातीचा चिखल बसतो आणि वाळून दगड होतो. बाहेरून गाडी धुतलेली दिसते. पण रिमला आतून चिकटलेला 50 ग्रॅमचा एक गोळा 100च्या वेगाला चाकाला जवळजवळ सहा किलोच्या जोराने बाहेर ओढत असतो, आणि ही ओढ प्रत्येक फेऱ्याला दिशा बदलते. वेग निम्मा केला की ओढ चौथ्या हिश्शावर येते, म्हणून शहरात काही कळत नाही. बॅलन्सिंगला जायच्या आधी रिम आतून खरवडून धुवा. बऱ्याच गाड्या तेवढ्यावरच सुधारतात.

या थरथरीचं एक वागणं गोंधळात टाकतं. ती 85-95ला कमाल होते आणि 110ला उलट कमी होते. चाक आणि अ‍ॅक्सल यांची स्प्रिंगांवर उडण्याची स्वतःची लय साधारण सेकंदाला 10 ते 15 असते. चाकाच्या फेऱ्यांची लय तिच्याशी जुळली की थरथर फुगते, पुढे गेली की ओसरते. तेव्हा ‘जास्त वेगाला जात नाही ना, मग चाक ठीक आहे’ असा निष्कर्ष काढू नये. कधी थरथर येते-जाते, दर चार-पाच सेकंदांनी झोका घेतल्यासारखी. दोन चाकांचा तोल बिघडलेला असला आणि त्यांच्या घेरात किंचित फरक असला की दोघांचे धक्के कधी एकत्र येतात, कधी एकमेकांना खातात. स्टिअरिंग हलत असेल तर पुढची चाकं, सीट हलत असेल तर मागची. खात्रीसाठी पुढची चाकं मागे लावून पाहावीत. दोषाने जागा बदलली तर तो चाकातच. 20-30च्या वेगालाच गाडी डोलत असेल तर टायरवर हात फिरवून फुगवटा शोधा. आतला पट्टा सुटलेला टायर बॅलन्सिंगने सुधारत नाही. तो काढून टाकायचा.

चाकं निर्दोष ठरली आणि आकडा चाळीसच्या घरात आला, तर शाफ्ट. या शाफ्टचा हैदराबादशी जुना संबंध आहे. निजाम स्टेट रेल्वेने 1932 साली 27 अल्बियन बसगाड्यांनी आपली रस्ते वाहतूक सुरू केली. मराठवाडाही तेव्हा हैदराबाद संस्थानातच होता. त्या गाड्यांतली एक बस हैदराबादच्या बसभवनात जपून ठेवलेली आहे. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांवर आणि मधलं अंतर कापणारा फिरता शाफ्ट ही मांडणी तिथपासून आजच्या बोलेरो पिकअपपर्यंत टिकून आहे.

शाफ्टचं अवघड दुखणं असं की त्याची दोन टोकं एका रेषेत राहत नाहीत. गिअरबॉक्स चासीला बांधलेला, हाउसिंग मात्र पाट्यांच्या स्प्रिंगांवर खाली-वर होणारी. म्हणून दोन्ही टोकांना क्रॉस लागतो: चार हातांचा लोखंडी तुकडा, प्रत्येक हातावर कप, कपात बारीक नीडल बेअरिंग. क्लॅरेन्स स्पायसर या अमेरिकन माणसाने 1903 साली मोटारीसाठी या सांध्याचं पेटंट घेतलं. भूमितीची कल्पना त्याहून कितीतरी जुनी, कार्डानो आणि रॉबर्ट हूक यांच्या नावांनी ओळखली जाणारी.

या सांध्याच्या स्वभावातच एक गोम आहे. तो वाकलेल्या स्थितीत फिरतो तेव्हा आत येणारा वेग एकसारखा असला तरी बाहेर जाणारा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. कोन 3 अंशांचा असेल तर हा चढउतार जेमतेम 0.14 टक्के, 10 अंशांचा झाला तर दीड टक्का. शाफ्टच्या दुप्पट आकड्याची थरथर, आपल्या उदाहरणातली 84, इथून येते. इलाज शाफ्टच्या रचनेतच ठेवलेला आहे: मागचा क्रॉस पुढच्याइतकाच कोन धरून असला आणि शाफ्टच्या दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एकाच पातळीत असले, तर पुढच्याने बिघडवलेला वेग मागचा सरळ करतो. यातली एक जरी अट मोडली तरी शाफ्ट कितीही नीट बॅलन्स केलेला असो, गाडी घुमणारच.

आणि ही अट दुरुस्तीतच मोडते. शाफ्टचा मधला सरकता भाग स्प्लाइनवर बसतो. क्रॉस बदलताना तो ओढून काढला आणि परत घालताना एक-दोन दात इकडेतिकडे झाले, की दोन्ही योक एकमेकांशी तिरके होतात. सगळं नवं, ग्रीस भरलेलं, बोल्ट आवळलेले; पण गाडी आधीपेक्षा वाईट. म्हणून शाफ्ट खोलण्याआधी सरकत्या भागावर, दोन्ही फ्लँजवर आणि हाउसिंगच्या तोंडावर रंगाने किंवा पंचने खुणा करायलाच हव्यात. काही शाफ्टवर कंपनीचे बाणही असतात. माती पुसल्याशिवाय ते दिसत नाहीत.

कोनाची अट मोडण्याचं हैदराबादेत दिसणारं कारण म्हणजे जादा पाटा. माल वाहणाऱ्या पिकअपच्या मागच्या कमानीत एक-दोन पाटे वाढवतात. गाडीचं ढुंगण उचललं जातं, हाउसिंगचं तोंड आणि शाफ्ट यांच्यातला कोन बदलतो. अशी गाडी भरलेली असताना गप्प असते आणि बेगम बाजारात माल उतरवून रिकामी परतताना थरथरते. ही तक्रार ऐकली की बॅलन्सिंगचा विचार मागे ठेवून आधी कोन मोजावा. मोबाइलमधलं तिरकेपणा मोजणारं अ‍ॅप चालतं: गिअरबॉक्सच्या फ्लँजवर, शाफ्टवर आणि हाउसिंगच्या फ्लँजवर एकेकदा टेकवून तीन आकडे लिहायचे. गाडी स्वतःच्या चाकांवर, नेहमीच्या वजनात उभी हवी. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना घेतलेला कोन निरुपयोगी, कारण तेव्हा हाउसिंग खाली उतरलेली असते. सांध्यांचे कोन एक ते तीन अंशांच्या आत आणि एकमेकांशी जवळजवळ सारखे असावेत. शून्य कोनही वाईट: नीडल एकाच जागी दाबून राहतात आणि क्रॉसच्या हातावर खाचा पाडतात. फरक निघाला तर पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचरीसारखी तिरकी पट्टी घालून हाउसिंगचं तोंड फिरवता येतं.

गाडी उठताना, 10 ते 40च्या दरम्यान, जोर देतानाच गदगद येत असेल तर तीही बहुधा कोनाचीच. जोर लागला की पाटे पिळतात आणि हाउसिंगचं तोंड वर उचललं जातं; यू-बोल्ट ढिले असतील तर आणखी. लांब गाड्यांत शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, कारण लांबी दुप्पट झाली तर शाफ्ट ज्या फेऱ्यांना स्वतःच धनुष्यासारखा वाकू लागतो ती मर्यादा चौथ्या हिश्शावर येते. मधल्या सेंटर बेअरिंगचं रबर फाटलं की शाफ्टचा मधला भाग खाली येतो आणि गाडी उठताना गदगदते. क्लचची गदगद याच्यासारखीच वाटते, पण पेडलवरून पाय पूर्ण उचलला की ती थांबते. शाफ्टची पुढेही चालू राहते.

खाली शिरल्यावर काय पाहायचं? शाफ्टच्या नळीवर लहान लोखंडी तुकडे वेल्ड केलेले असतात, ती त्याची बॅलन्सची वजनं. एखाद्या जागी चौकोनी चकचकीत डाग आणि तुटलेलं वेल्ड दिसलं तर वजन पडलं आहे. दगड लागून नळीला पोचा आला आहे का, ओलं डांबर चिकटलं आहे का, ते हात फिरवून बघा. शाफ्टवरचे 20 ग्रॅम 100च्या वेगाला नऊ किलोची ओढ देतात, कारण शाफ्ट चाकाच्या चौपट वेगाने फिरतो. मग एका हाताने शाफ्ट आणि दुसऱ्याने फ्लँज धरून उलटसुलट पिळा. क्रॉसमध्ये जराही खेळ जाणवता कामा नये. कपाच्या कडेला लाल भुकटी दिसली तर आतलं ग्रीस संपून नीडल गंजल्या आहेत. तिथे नवं ग्रीस मारून काही परत येत नाही.

शाफ्ट वाकडा आहे का हे डायल गेजने बघतात, आणि तोल लावायला तो मशीनवरच न्यावा लागतो. वनस्थलीपुरमकडच्या ऑटोनगरात ट्रकचं काम चालतं, तिथे प्रोपेलर शाफ्टचं काम जाणणारी माणसं आहेत. शाफ्ट पूर्ण, दोन्ही क्रॉस आणि सरकत्या भागासकट द्या. नुसती नळी बॅलन्स करून नंतर नवे क्रॉस बसवले तर तो तोल राहत नाही. मशीन नसेल तर जुनी युक्ती आहे: शाफ्टच्या मागच्या टोकाला पाइपची क्लॅम्प आवळायची, तिचा स्क्रू दर वेळी पाव फेरा फिरवून गाडी त्याच वेगाला चालवायची, आणि जिथे थरथर सगळ्यात कमी तिथे ती ठेवायची. वेळ लागतो, पण दोष तोलाचा आहे की नाही हे निश्चित कळतं.

पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या मोटारींत हा लांब शाफ्ट नसतो, त्यामुळे प्रकरण छोटं आहे. जोर दिल्यावर गाडी डावी-उजवी डोलत थरथरली तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकट आली तर बाहेरचा. दोन्हींचं मूळ बहुधा फाटलेल्या रबरी बूटमध्ये असतं.

काम झाल्यावर त्याच रस्त्याच्या त्याच तुकड्यावर, त्याच वेगाला, तितक्याच माणसांसह पुन्हा चाचणी घ्या आणि आधीचा आकडा शेजारी ठेवा. आकडा तोच आणि जोर कमी असेल तर दिशा बरोबर, काम अर्धं. आकडाच बदलला असेल तर तो दुसरा दोष आहे, पहिल्याच्या आड लपलेला.

एका लक्षणावर मात्र चाचणीही करू नये. गिअर टाकताना किंवा अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना खालून ‘टण्ण’ असा आवाज येतो, हळू चालताना चिवचिव ऐकू येते आणि क्रॉसच्या कपाभोवती लाल भुकटी आहे, अशी गाडी रिंग रोडवर नेऊ नका. क्रॉस तुटून शाफ्टचं पुढचं टोक खाली पडलं तर ते रस्त्यात रुतून गाडी उचलू शकतं. म्हणूनच बस-ट्रकच्या शाफ्टखाली लोखंडी पट्ट्याचा फास असतो, आणि दुरुस्तीत काढलेला तो फास परत बसवायचा राहून जातो. खाली वाकलाच आहात तर तो जागेवर आहे का, त्याचे बोल्ट घट्ट आहेत का, हेही पाहून घ्या.